हरिकेनवरचा लाल ठिपका

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीसारखं हे लिहूनही टाकतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधे खोकलो ते काढलंय.

आत्ता माझ्यासमोर टेबलावर एक विमान आहे. पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सतरा सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या फोनपेक्षा जेमतेम लांब. दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान, हॉकर हरिकेन, मार्क टू-सी. खऱ्या विमानाचे पंख १२.१९ मीटर. त्याला ७२ ने भागा, हे मॉडेल मिळतं. याला वन-सेव्हन्टी-टू स्केल म्हणतात. ७२ च का? कारण हिशोब इंग्रजांचा आहे. मॉडेलवरचा एक इंच म्हणजे खऱ्या विमानावरचे सहा फूट, आणि सहा फूट म्हणजे ७२ इंच. विमानाशेजारी एक उंचापुरा माणूस उभा केला तर तो एक इंचाचा होईल.

आणि माझ्याकडे असा विमानाशेजारी उभा असलेला एक माणूस आहे. फोटोत.

आमच्या आबांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ युद्धाच्या काळात हवाई दलात फिटर होते. पायलट नाही, फिटर. नट-बोल्ट, ऑइल, इंजिनाचं झाकण. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. ते जाऊन खूप वर्षं झाली, मी त्यांना पाहिलेलं नाही. घरात त्यांची एकच खूण उरलीय, पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा काळा-पांढरा फोटो. हाफ पँट, उघडा अंग, हातात पाना, मागे विमानाचा पंख. घरी सगळे त्याला ‘दादांचा इमानाचा फोटो’ म्हणतात. कराडला आबांच्या कपाटात, एलआयसीच्या फाइलमध्ये असतो तो.

मागच्या वर्षी आबा नव्वद वर्षांचे झाले. मी ठरवलं, दादांचं विमान करून द्यायचं.

आता खरं सांगायचं तर मी याआधी आयुष्यात एक मॉडेल केलं होतं, शाळेत असताना, आणि त्याची चाकं वरच्या बाजूला चिकटली होती. पण यूट्यूब बघून माणसाला वाटतं की आपल्याला सगळं येतं. फोटोतल्या पंखातून बाहेर आलेल्या दोन-दोन तोफांच्या नळ्या बघून एका ओळखीच्या मॉडेलवाल्याने सांगितलं, हरिकेन टू-सी आहे, चार तोफांचं. वीस मिलिमीटरच्या हिस्पानो तोफा, दोन या पंखात, दोन त्या. किट मागवला. पैसे किती गेले ते सांगत नाही, घरचे पण ऐकतात हा पॉडकास्ट.

डबा उघडला की आत प्लॅस्टिकच्या जाळ्या असतात, त्यांना स्प्रू म्हणतात. सगळे भाग त्या जाळीला चिकटलेले. पहिली गोष्ट, ती जाळी भांड्याच्या साबणाने धुवायची. कारण साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकटपणा प्लॅस्टिकवर राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. मी धुतली नाही. परिणाम: पहिला रंग डाव्या पंखावरून मास्किंग टेपसकट सोलून आला, उन्हाने भाजलेल्या पाठीची साल निघते तसा. मग सगळं घासून पुन्हा.

दुसरी गोष्ट गोंदाची. प्लॅस्टिकचं जे पातळ सिमेंट मिळतं ते खरं म्हणजे गोंद नाहीच, ते प्लॅस्टिक विरघळवतं. दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात आणि सुकल्यावर एकच तुकडा होतो. म्हणून ते कमी लावायचं. आणि कॉकपिटवरची पारदर्शक काच असते ना, तिला फेव्हिक्विक कधीही लावू नका. फेव्हिक्विकची वाफ बसून काच आतून पांढरी धुरकट होते. माझी झाली. पायलटला मोतीबिंदू झाल्यासारखी. दुसरी काच मिळवायला तीन आठवडे गेले, आणि ती शेवटी साध्या फेव्हिकॉलने बसवली. पांढरा दिसतो, सुकला की पारदर्शक होतो. जे घरात होतं तेच बरोबर होतं.

पण मला या कामात सगळ्यात जास्त आवडलं ते सांगतो. विमान हातात धरून रंगवायला लागलात की ते कशाचं बनलंय ते कळायला लागतं. हरिकेनचं पहिलं उड्डाण ६ नोव्हेंबर १९३५ ला झालं. सिडनी कॅम नावाच्या माणसाचं डिझाइन. तो जुन्या दुपंखी विमानांच्या काळातला माणूस, त्यामुळे त्याने पुढचा भाग धातूचा ठेवला आणि पायलटच्या मागचा सगळा भाग जुन्याच पद्धतीने केला: स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. हो, कापड! वर खळ द्यावी तसा रसायनाचा थर देऊन ताठ केलेलं. मॉडेलवर बोट फिरवलं की त्या पट्ट्यांच्या उभ्या रेघा लागतात. हे जुनाट वाटतं, पण त्याचा फायदा असा की गोळी आरपार गेली तर बऱ्याचदा नुसतं भोक पडायचं आणि तळावरच ठिगळ लावून विमान परत उडायचं. ठिगळ लावणारा कोण? दादांसारखा कोणीतरी.

आता मॉडेलवाल्यांची एक आवड असते, विमान जुनं, वापरलेलं दाखवायची. चंदेरी पेन्सिलने जागोजागी रंग उडाल्यासारखे ओरखडे काढायचे, आतलं अ‍ॅल्युमिनियम दिसतंय असे. मी पण उत्साहात शेपटीपर्यंत काढले. आणि मग डोक्यात प्रकाश पडला, अरे, मागे कापड आहे! कापडाचा रंग उडून आत धातू कुठून दिसेल? सगळे ओरखडे पुन्हा रंगाने झाकले. इंटरनेटवर शंभरातली निम्मी हरिकेन्स अशी दिसतील तुम्हाला, कापडावर चांदी पिकलेली. (हा टोमणा माझ्यासकट सगळ्यांना.)

रंग कसा होता? वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, नागमोडी पट्ट्यांत. खालून करडा. ब्रशने द्यायचा तर पातळ करून तीन-चार हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. दोन रंगांची कड वळणदार यावी म्हणून ब्लू-टॅकच्या लांब वळ्या करून, चकलीसारख्या, त्या पंखावर ठेवायच्या. मग चकचकीत वार्निश, कारण खडबडीत रंगावर स्टिकर बसला की खाली हवा अडकून चंदेरी दिसतो. मग कोमट पाण्यात भिजवून सरकवायचे ते स्टिकर, डिकल म्हणतात त्यांना. पंखावर, अंगावर, शेपटीवर. डब्यात होते तेच लावले: ब्रिटिश गोल. पंखाच्या वरच्या बाजूला मोठा निळा गोल आणि आत लाल. बाजूला पिवळा, निळा, पांढरा, लाल. वरून मॅट वार्निश. झालं.

मस्त दिसत होतं, खरंच. शूबॉक्समध्ये कापूस घालून, मांडीवर ठेवून, एसटीने कराडला घेऊन गेलो.

आबांनी चष्मा लावला. दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतलं. पंख्याला फुंकर मारली, तो फिरला, हसले. मग वरून बघितलं आणि म्हणाले, “आरं, हा लाल कशाला लावलायस?”

मी म्हटलं, “आबा, तो इंग्रजांच्या विमान दलाचा गोल आहे. तसाच असतो.”

“आसंल. दादाच्या इमानाला लाल नव्हता. लाल जपान्याचा. दादा सांगायचा, आमीच पुसला, बरशानं.”

मला वाटलं, नव्वदीतली आठवण. १९४४ मध्ये आबा दहा वर्षांचे. भाऊ सुट्टीवर आला तेव्हा सांगितलेली गोष्ट, त्यात किती खरं आणि किती नंतर जुळवलेलं. मी मान डोलावली, जशी आपण म्हाताऱ्या माणसांसमोर डोलावतो. आबांना ते कळलं. ते काही बोलले नाहीत, उठले, कपाट उघडलं, फाइल काढली आणि फोटो माझ्या हातात दिला.

तो फोटो मी लहानपणापासून शंभरदा बघितलाय. दादांकडे बघितलंय, पान्याकडे बघितलंय, तोफांच्या नळ्या मोजल्यात. गोलाकडे कधीच बघितलं नव्हतं. त्यांच्या खांद्यामागे पंखावर अर्धा गोल दिसतो. बाहेरचं कडं काळपट. आणि आतला भाग फिकट, जवळजवळ पांढरा. लाल रंग काळ्या-पांढऱ्या फोटोत असा फिकट येत नाही, काळपट येतो.

म्हणजे आत लाल नव्हताच.

त्या रात्री कराडच्या घरी माळ्यावर झोपून फोनवर शोधत बसलो. गोष्ट अशी आहे. जपानी विमानांवर खूण कोणती? लाल सूर्य. पंखावर मोठा लाल गोल. ब्रह्मदेशावर जपानी लष्कराचं नाकाजिमा की-४३, हायाबुसा, फिरायचं. दोस्तांकडचे लोक त्याला ‘ऑस्कर’ म्हणायचे. त्याच्या पंखावर लाल गोल, आणि आपल्या विमानांच्या गोलाच्या मधोमध लाल ठिपका. घाईत बघणाऱ्याला लाल दिसला की तो जपानी. म्हणून या आघाडीवर लाल रंगच काढून टाकला. आधी निळ्यात नुसता पांढरा ठेवला, पण तो हिरव्या-तपकिरी विमानावर फारच उठून दिसायला लागला, म्हणून पांढऱ्यात निळा मिसळून फिकट निळा केला. गोलही लहान केला. शेपटीवरची लाल पट्टीसुद्धा गेली, तिथेही दोन निळे. मॉडेलवाल्यांच्या भाषेत याला ‘सिऍक’ खुणा म्हणतात, साउथ ईस्ट एशिया कमांड या नावावरून. अमेरिकेनेही हेच केलं होतं: त्यांच्या पांढऱ्या चांदणीच्या मध्ये लाल ठिपका असायचा, तो मे १९४२ मध्ये काढला.

भारतीय हवाई दलाची हरिकेन्स याच खुणांनी उडाली. १९४४ ला इम्फाळला वेढा पडला तेव्हा तिथे आपलं नंबर एकचं स्क्वाड्रन हरिकेनवर होतं, अर्जन सिंग त्याचे प्रमुख. तेच, जे पुढे मार्शल ऑफ द एअर फोर्स झाले. आपले मुंबईचे हृषीकेश मुळगावकर, १९७६ ते ७८ मध्ये हवाई दलप्रमुख होते, तेही याच युद्धकाळात हवाई दलात आलेले. आणि या सगळ्यांच्या विमानांखाली पाना घेऊन उभी असलेली, नावं कुठे न छापलेली पोरं.

डोंबिवलीला परत आल्यावर मी एक प्रयोग केला. तुम्हीही करू शकता, फुकट आहे. मॉडेल ७२ पट लहान आहे, म्हणजे ते पाच मीटरवर ठेवलं की खरं विमान ३६० मीटरवर असल्यासारखं दिसतं. हे माझं डोकं नाही हं. १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकन नौदलाने शाळकरी मुलांकडून लाकडाची पाच लाख मॉडेल्स करून घ्यायचं ठरवलं होतं, ५० प्रकारची विमानं, प्रत्येकाची दहा हजार, याच ७२ च्या स्केलमध्ये, सगळी काळ्या रंगाची. कशासाठी? तर सैनिकांना लांबून आकार ओळखायला शिकवायचं. आपलं की त्यांचं. म्हणजे आपण ज्याला छंद म्हणतो ते स्केल एकेकाळी गोळी कोणावर झाडायची हे शिकवायला वापरलंय.

तर मी आमच्या मजल्याच्या पॅसेजमध्ये पाच मीटर मोजले, एका टोकाला स्टुलावर हिरव्या चटईवर विमान ठेवलं आणि शेजारच्या सातवीतल्या पोराला दुसऱ्या टोकाला उभं केलं. म्हटलं, डोळे मिट. आता उघड. आता मीट. काय दिसलं?

“विमान. लाल टिकलीवालं.”

“निळं काही दिसलं?”

“निळं? नाही. निळं होतं?”

गडद हिरव्यावर गडद निळा बुडून जातो मंडळी. कडं दिसतच नाही. उरतो तो फक्त लाल. मी त्याला अडीच सेकंद दिले होते, उगाच नाही. ताशी पाचशे किलोमीटरने विमान येत असेल तर सेकंदाला जवळपास १४० मीटर, आणि ३६० मीटर म्हणजे अडीच सेकंद. खाली खंदकात बंदूक घेऊन बसलेल्या माणसाला किंवा वरच्या विमानातल्या आपल्याच पायलटला एवढाच वेळ. “लाल टिकलीवालं.”

मी तिथेच स्टुलाशेजारी बसलो जरा वेळ. आबांसमोर डोलावलेली मान आठवली.

मग दुरुस्ती. डिकलवर वार्निश चढलेलं, ते सोलून निघेना. नख लावलं तर रंगासकट यायला लागलं. मग दुसरा मार्ग कोणता उरला? जो दादांचा होता तोच. ब्रशाने पुसायचा. मास्किंग टेपला ऑफिसच्या पंचिंग मशीनने भोक पाडलं, सहा मिलिमीटरचं, ते लाल ठिपक्यावर बसवलं, आणि आत रंग भरला. फिकट निळा दिला तर खालून लाल डोकावून जांभळट झाला. वाळू दिला, करडा दिला, मग पुन्हा निळा. तरी गुलाबी. लाल रंग भयंकर चिवट असतो हो. चौथ्या हाताला गेला. मग बाहेरचं मोठं निळं कडं हिरव्या-तपकिरी रंगाने आत आत घेत लहान केलं. बाजूचा पिवळा झाकला, शेपटी बदलली. दोन रविवार गेले.

नीट बघितलं तर पंखावर तिथे रंगाचा थर जाड दिसतो. जुना गोल झाकलेला कळतो. मॉडेलच्या ग्रुपवर फोटो टाकला तर एका जाणकाराने लिहिलं, घासून गुळगुळीत करा, फिनिश खराब दिसतंय. मी नाही केलं. खऱ्या विमानांवरही गोल असेच झाकले गेले होते, आणि तिथे ब्रश धरणाऱ्याकडे पंचिंग मशीन पण नसणार. दुसऱ्याने विचारलं, स्क्वाड्रनची अक्षरं कुठायत, सीरियल नंबर कुठाय? डब्यात होते. पण ते कोणा दुसऱ्याच विमानाचे. दादांच्या फोटोत तो भाग चौकटीबाहेर राहिलाय. मी ती जागा रिकामी ठेवली. स्पर्धेत दिलं असतं तर गुण कापले गेले असते, पण ते कपाटावर ठेवायला केलंय.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी पटकन: पहिल्याच फटक्यात एअरब्रश घेऊ नका. कटर, बारीक सँडपेपर, दोन बरे ब्रश, पातळ सिमेंट आणि टेप एवढं पुरतं. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत मॅट वार्निशचा स्प्रे मारू नका, पांढरी साय धरते. आणि दिल्लीला गेलात तर पालमच्या हवाई दलाच्या संग्रहालयात खरं हरिकेन उभं आहे, ते बघा. मी अजून बघितलं नाही, डिसेंबरचं तिकीट काढलंय.

गणपतीत पुन्हा कराडला गेलो. तोच शूबॉक्स. आबांनी विमान घेतलं, खिडकीशी नेलं, उजेडात वरून बघितलं. बोटाने तो जाड थर चाचपला. मग मला फाइल आणायला लावली, फोटो काढला आणि विमानाशेजारी धरला. एकदा इकडे, एकदा तिकडे, बराच वेळ.

“हां,” म्हणाले. “आणि ही चाकं चिखलानं भरल्याली पायजेत. दादा म्हणायचा, लई चिखल.”

तर सध्या चाकांवर काम चालू आहे. कॉफीची पूड आणि फेव्हिकॉल एकत्र करून चिखल होतो म्हणे, जमला तर फोटो खाली टाकतो. तुमच्याही घरी एखाद्या फाइलमध्ये असा फोटो असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या शुक्रवारी.